डब्बा खेळतो किती आणि खातो किती?

आमच्याकडे माणूस येतो तो बियाण्याची चौकशी करायला, नाहीतर धानावरच्या गादमाशीचा, करप्याचा इलाज विचारायला. मागच्या मे महिन्यात सावलीच्या आठवडी बाजारात एक शेतकरी काका भेटले, त्यांच्या हातात मात्र ना किडकं रोप होतं, ना माती परीक्षणाचा कागद. हातात होतं विजेचं बिल.

"सायेब, तुमी शिकेल माणूस. हे बिल काहून इतकं आलं, सांगा जी."

मी म्हटलं, "काका, मी शेतीखात्याचा. हे काम वीज कंपनीचं."

"त्याईले विचारलं. ते म्हणते, मीटर बराबर आहे. वापर वाढला. आमी तं नवीन काहीच घेतलं नाई. उलट घरात पंखा लावनं बंद केलं."

शेवटचं वाक्य ऐकून मी थांबलो. आपल्या चंद्रपूर जिल्ह्याचा मे महिना सगळ्यांना माहीत आहे. पारा ४५-४६ च्या खाली यायला तयार नसतो आणि रात्री भिंती भाजलेल्या विटेसारख्या तापलेल्या असतात. त्या घरात काकांची म्हातारी आई, सून आणि सात महिन्यांचं लेकरू. अशा घरात बिलाच्या धाकाने रात्रीचा पंखा बंद करत असतील, तर हा विषय वीज कंपनीचा असो की शेतीखात्याचा, तो आपला आहे. म्हणून आज धानावर न लिहिता विजेवर लिहितो आहे.

पडवीतला पाहुणा

दुसऱ्या दिवशी त्यांच्या गावाकडे फेरी होतीच, म्हणून घरी गेलो. बिलं मागवली. आधी महिन्याला ७० युनिटच्या आसपास वापर, आणि मागच्या दोन महिन्यांत एकदम १८० च्या घरात. नवीन काही घेतलं नाही हे काकांचं म्हणणं खरं होतं. पण पडवीच्या कोपऱ्यात एक उंच लोखंडी डब्बा उभा होता. समोर काच, काचेमागे तीन चाकं, बाजूला दांडा, वर लाल-पिवळे दिवे. नाणं टाकायचं, दांडा ओढायचा, चाकं फिरतात. तिन्ही चाकांवर सारखी फळं आली तर खाली खणखण नाणी पडतात. नाही आली तर नाणं गेलं.

हा डब्बा घेतलेला नव्हता, "आलेला" होता. मोठा मुलगा शहरातल्या एका गेम पार्लरमध्ये कामाला होता. ते पार्लर बंद पडलं, दोन महिन्यांचा पगार अडकला आणि मालकाने पगाराऐवजी हा डब्बा गळ्यात मारला. पोराने विचार केला, गावात ठेवू, पोट्टे रुपया रुपया टाकतील, निदान पगार तरी निघेल. घरात पैसे देऊन आणलेली वस्तू नाही, म्हणून वापराच्या हिशोबात ती कोणी धरलीच नव्हती.

मी विचारलं, "हा दिवसातून किती वेळ चालतो?"

काकू म्हणाल्या, "खेळते तं पोट्टे संध्याकाळी घंटा-दीड घंटा. बाकी वेळ असाच उभा असते, भाऊ."

"असाच म्हणजे? दिवे चालू असतात?"

"हो जी. पोरगा सांगून गेला, बंद-चालू केलं तं बिघडते."

वाचकहो, इथेच सगळा घोटाळा होता. बैल नांगराला जुंपलेला असो की दावणीला बांधलेला, वैरण खातोच. हा डब्बा त्या जातीचा आहे. माणूस खेळत असला तरच त्याला वीज लागते, असं नाही. त्याचे दिवे, त्याचा पडदा, आतला विजेचा संच, सगळं गिऱ्हाइकाला बोलावण्यासाठी सतत चालू ठेवलेलं असतं. दांडा ओढल्यावर चाकं फिरायला जी थोडी वीज लागते, ती एकूण हिशोबात नगण्य. डब्बा खेळतो दीड तास, पण खातो चोवीस तास.

हिशोब बोटांवर करा

मी इलेक्ट्रिशियन नाही. पण कृषी पदविकेला असताना पंपाच्या अश्वशक्तीचा हिशोब शिकलो, तोच इथे कामी येतो. प्रत्येक यंत्राच्या मागे एक पट्टी असते, तिच्यावर वॅट लिहिलेले असतात. वॅटला तासांनी गुणा, हजाराने भागा. आलं ते युनिट.

काकांच्या डब्ब्यावर १५० वॅट लिहिलेलं होतं. १५० गुणिले २४ म्हणजे ३,६००. हजाराने भागलं की ३.६ युनिट दिवसाला. महिन्याचे झाले १०८ युनिट. ७० मध्ये १०८ मिळवा, १७८ होतात. मीटर खोटं बोलत नव्हतं.

तोच डब्बा फक्त खेळायच्या दीड तासापुरता चालवला असता, तर महिन्याला पावणेसात युनिट लागले असते. आणि काकूंनी रात्री जो पंखा बंद ठेवला होता, त्याचा हिशोब काय? साधा जुना पंखा ७५ वॅटचा. रात्रीचे १० तास धरले तर दिवसाला पाऊण युनिट, महिन्याला साडेबावीस. म्हणजे म्हाताऱ्या आईला आणि तान्ह्या लेकराला उकाड्यात ठेवून साडेबावीस युनिट वाचवले आणि कोपऱ्यातल्या डब्ब्याने १०८ खाल्ले. काकूंना हा हिशोब सांगितला तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. उठल्या आणि भिंतीवरचं बटण बंद करून आल्या.

तुम्ही म्हणाल, आमच्या घरी कुठे असा डब्बा आहे? बरोबर आहे, तो लाखात एखाद्याकडे. पण त्याचे भाऊबंद घरोघरी आहेत. टीव्ही रिमोटने बंद करता, पण त्याच्या शेजारची छत्रीवाली पेटी चालूच राहते. ती १०-१२ वॅटची पेटी दिवस-रात्र चालली तर महिन्याला ७ ते ९ युनिट जातात. स्वतः टीव्ही पाच तास पाहिला तरी जवळपास तेवढेच! म्हणजे न पाहता जेवढं खर्च करता, तेवढंच पाहून. गाण्यांचा मोठा डबा, इंटरनेटची पेटी, सगळे याच जातीचे. लाल दिवा दिसतो आहे म्हणजे यंत्र झोपलेलं नाही, डुलक्या घेत खातं आहे.

उलट ज्यांना आपण घाबरतो, त्यांतली काही यंत्रं गरीब असतात. ९ वॅटचा एलईडी दिवा सहा तास लावला तर महिन्याला दीड युनिटच्या आसपास. मोबाईल रोज पूर्ण चार्ज केला तरी महिन्याला एक युनिटही होत नाही. पण पाणी तापवायची दीड हजार वॅटची कांडी रोज अर्धा तास लावली, तर साडेबावीस युनिट गेलेच. यंत्र लहान की मोठं, आवाज करतं की गप्प बसतं, यावरून त्याचा खुराक कळत नाही. कळतो तो वॅट आणि तास यांवरून.

मीटरचा लाल ठिपका मोजा

पट्टी पुसली गेली असेल तर? त्यालाही इलाज आहे आणि फुकट आहे. मीटरवर एक लाल ठिपका लुकलुकतो, आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो तो आकडा मीटरवरच छापलेला असतो. काकांच्या मीटरवर ३,२०० होता. घरातलं सगळं बंद केलं, एकटा डब्बा चालू ठेवला, आणि घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला आठ वेळा. तासाला झाले ४८०. त्याला ३,२०० ने भागलं की ०.१५ युनिट, म्हणजे बरोबर १५० वॅट. शाळेत जाणारी नात शेजारी उभी राहून मोजत होती, तिला हा हिशोब माझ्याआधी जमला.

सगळं बंद करूनही ठिपका लुकलुकत असेल, तर समजा की कुठेतरी काहीतरी चालू राहिलं आहे, नाहीतर वायरिंगमध्ये गळती आहे. मग मात्र जाणकार वायरमनला दाखवा. आणि एवढं मोजून खरंच मीटरमध्ये खोट दिसली, तर तक्रार लेखी द्या, पोच घ्या. मोजून गेलेल्या माणसाचं म्हणणं कोणालाही सहज उडवता येत नाही.

आणखी एक. घरगुती बिल टप्प्याटप्प्याने चढतं. पहिल्या १०० युनिटचा दर कमी, १०१ ते ३०० चा त्याहून बराच जास्त, पुढे आणखी जास्त. पुष्कळांना वाटतं, १०० च्या वर एक युनिट गेलं की सगळंच बिल वरच्या दराने लागतं. तसं नाही. वरच्या दराने लागतात ती फक्त वरची युनिटं. पण म्हणूनच शेवटी वाढलेली युनिटं सगळ्यांत महाग. काकांच्या १७८ पैकी ७८ युनिटं अशी महागाची होती.

शेतपंपाच्या वीजमाफीमुळे एक गैरसमजही पसरला आहे. एप्रिल २०२४ पासूनची मुख्यमंत्री बळीराजा योजना साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतपंपांसाठी आहे. घराच्या मीटरचा तिच्याशी संबंध नाही. "वीज फुकट झाली" असं समजून घरचं बिल थकवू नका, नाहीतर रोवणीच्या दिवसांत घर अंधारात बसेल.

धंदा म्हणून तरी परवडतो का?

काकांचा मुलगा फोनवर म्हणाला, "साहेब, पण पोट्टे पैसे टाकतात ना." म्हटलं, तोही हिशोब करू. दिवसाला वीसेक रुपये गल्ल्यात राहतात, असं घरचे म्हणाले. महिन्याचे झाले ६००. वीज १०८ युनिट, हिशोबाला सोपा म्हणून सगळे आकार धरून युनिटला १० रुपये धरा, तर १,०८० रुपये. म्हणजे महिन्याला ४८० रुपये घरचे घालून गावच्या पोट्ट्यांना खेळवत होतो. पगार निघायचा राहिला बाजूला.

शिवाय घरच्या मीटरवर धंदा करायचा असेल, तर तो कोणत्या वर्गात बसतो हे आधी महावितरणच्या कार्यालयात विचारून घ्यावं. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे, ज्या कामासाठी जोडणी दिली ते सोडून दुसऱ्याच कामाला वीज वापरली, तर दुप्पट दराने आकारणी होऊ शकते. आणि आकडा टाकून चालवायचा विचार मनात येत असेल, तर ती सरळ चोरी. कलम १३५, तीन वर्षांपर्यंत कैद.

आणि नाणं टाकून नाणं जिंकायचं म्हणजे खेळ कसला, तो जुगार. मंडईतल्या झंडीमुंडीला दिवे लावले म्हणून ती वेगळी होत नाही. आपल्या राज्यात जुगारबंदीचा कायदा १८८७ पासून आहे. गोव्याने १९९२ साली कायद्यात बदल करून पंचतारांकित हॉटेलांत अशा यंत्रांना वाट करून दिली. महाराष्ट्रानेही १९७६ साली कॅसिनोचा कायदा केला होता, पण तो कधी लागूच झाला नाही आणि २०२३ मध्ये रद्द करण्यात आला. तेव्हा "गोव्यात चालतं, मग इथे काय?" हे पोलीस ठाण्यात ऐकून घेतलं जाणार नाही.

धोक्याचीही एक गोष्ट सांगतो. त्या डब्ब्याला तीन पिनांची जागा दोन पिनांनी भागवली होती. म्हणजे अर्थिंग नाही. अंग लोखंडाचं, जमीन सारवलेली, ओल धरणारी, आणि पोरं अनवाणी. पावसाळ्यात आत एक वायर सुटली असती, तर बिल भरायला नाही, दुसऱ्याच कामाला गाव गोळा झालं असतं. जुनी, परदेशी बनावटीची यंत्रं तर कधी १००-११० व्होल्टची असतात. त्यांना मध्ये ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि यंत्र बंद ठेवून तोच चालू राहिला तर तोही थोडी वीज खात गरम होत बसतो. असलं यंत्र स्वतः उघडून पाहण्याच्या भानगडीत पडू नये.

वीज येते कुठून?

आपल्या जिल्ह्याच्या माणसाने तरी हा प्रश्न विसरू नये. चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॅटचं, महानिर्मितीचं सगळ्यांत मोठं. तिथला कोळसा आपल्याच जमिनीखालचा, राख आपल्याच हवेतली. एका युनिटमागे साधारण अर्धा ते पाऊण किलो कोळसा जळतो. म्हणजे काकांच्या पडवीत दिवे लुकलुकत ठेवायला महिन्याला ५० ते ८० किलो कोळसा जळत होता, आणि त्यातला बहुतेक कोणी खेळत नसताना.

हा प्रश्न आपल्याच खेड्याचा आहे असंही नाही. २०११ साली जपानमध्ये भूकंप, सुनामी झाली, फुकुशिमाचं अणुवीज केंद्र गेलं आणि विजेची टंचाई झाली. तेव्हा टोकियोचे राज्यपाल इशिहारा यांनी भर सभांतून बोट ठेवलं ते पाचिंको या जुगारवजा खेळाच्या दालनांवर आणि रस्तोरस्ती चोवीस तास उजळलेल्या विक्री यंत्रांवर. एवढा श्रीमंत देश, पण टंचाई आली तेव्हा त्यालाही पहिला प्रश्न हाच पडला, की कोणी वापरत नसताना हे दिवे कशाला?

मीटरवर न दिसणारा खर्च

आता खरी गोष्ट. विजेचा हिशोब झाल्यावर काका मोकळे झाले. म्हणाले, "म्हंजे बटन बंद ठेवलं का झालं!" मी म्हटलं, काका, १०८ युनिट मीटरने दाखवले म्हणून आपल्याला कळले. पण त्या डब्ब्याच्या फटीतून गावच्या पोरांचा जो रुपया आत गेला, तो कोणत्या मीटरवर दिसतो? हे यंत्र बनवतानाच असं बनवलेलं असतं की शेवटी टाकलेल्यापेक्षा कमीच परत पडावं. आपला डब्बा तोट्यात गेला तो विजेमुळे. पोरं तर आधीच तोट्यात होती.

आणि लोखंडी डब्बा निदान पडवीत उभा असतो, दिसतो. त्याचा धाकटा भाऊ खिशात असतो. मी वर लिहिलं की मोबाईलला महिन्याला एक युनिटही लागत नाही. घरातलं सगळ्यांत कमी वीज खाणारं यंत्र! आणि त्याच यंत्रावर पैशाचा पत्त्यांचा खेळ खेळून धानाचे आलेले पैसे एका रात्रीत घालवलेली तरणी पोरं मी याच तालुक्यात पाहिली आहेत. बापाला वाटतं, पोरगा बाजेवर पडून फोन पाहतो आहे, खर्च काय होतो? ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. चांगलं झालं. पण झंडीमुंडीला १८८७ पासून बंदी आहे आणि मंडईत ती कोणी पाहिली नाही असा माणूस दाखवा. कायद्यापुढचं काम घरालाच करायचं आहे.

काही जण म्हणतील, गरिबाने करमणूकही करू नये काय? जरूर करावी. दिवाळीनंतर मंडईत जावं, दंडार पाहावी, झाडीपट्टीचं नाटक रात्रभर पाहावं, घरी टीव्हीही पाहावा. माझं म्हणणं करमणुकीविरुद्ध नाही. कोणी पाहत नसताना, कोणी खेळत नसताना जे चालू राहतं, त्याविरुद्ध आहे. आणि घरात आलेल्या कोणत्याही यंत्राला दोन प्रश्न विचारावेत: तू खातोस किती, आणि देतोस काय?

आपलं सावली हे खादीचं गाव. १९३६ साली गांधी सेवा संघाचं संमेलन इथे भरलं तेव्हा गांधीजी येऊन राहिले होते. त्या काळी इथल्या घरात यंत्र असे ते चरख्याचं. चरखा परत आणा असं मी सांगत नाही. मी स्वतः मोटारसायकलवर फिरतो, मोबाईलवर पावसाचा अंदाज पाहतो. पण त्या यंत्राकडे वरच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं होती, एवढं मात्र खरं.

काकांकडचा डब्बा आता बंद आहे. त्याला धानाची पोती टेकून ठेवली आहेत. पुढच्या महिन्याचं बिल ७५ युनिटचं आलं आणि त्यात रात्रीचा पंखाही धरलेला आहे. अडकलेल्या पगारासाठी मुलाने कामगार कार्यालयात अर्ज द्यावा असं मी सुचवलं आहे. तो त्याने दिला की नाही, हे पुढच्या फेरीत विचारणार आहे.

तुम्ही मात्र वाट पाहू नका. आज रात्री जेवणं झाली की घरातल्या शाळकरी पोराला किंवा पोरीला सोबत घ्या, घड्याळ घ्या आणि मीटरपुढे उभे राहा. सगळं बंद करा. ठिपका थांबतो का बघा. मग एकेक यंत्र लावून मोजा. ज्याचा खुराक जास्त आणि काम कमी, त्याचं बटण भिंतीवरून बंद करा. म्हाताऱ्यांचा, लेकरांचा पंखा मात्र चालू राहू द्या.